धवलारीण गप्प बसली म्हणून

मास्तर, तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, माहीत आहे. पण दुसऱ्या कुणाला विचारायची हिंमत नाही.

काल ठाण्याहून एक वकील आलेले, आमच्या कळव्याला. इतिहास लिहितात म्हणे. खाडीकाठच्या लोकांनी ताडीच्या पट्टीवरून बंड का केलं, ते हवंय त्यांना. ओटीवर बसले, पाणी प्यायले, आणि विचारतात, "पुढारी कोण होता?" म्हटलं, कोणी नव्हता. हसले. "अहो, डोक्याशिवाय धड चालतं का?" माणूस चांगला आहे. पण पुस्तक छापलं की कलेक्टर वाचणारच. बंडात धरलेले तिघे अजून ठाण्याच्या तुरुंगात आहेत. घाईत लिहितोय, अक्षर बघू नका.

काय झालं ते थोडक्यात. चुलत्याकडे लग्न होतं. आमच्या आगऱ्यांत लग्न भट लावत नाही, धवलारीण गाऊन लावते. ती धवलारीण म्हणजे माझी धाकटी बहीण. ताडाच्या झाडामागे सरकारी पट्टी बसली, ताडी काढणं बंद पडलं, देवापुढे ठेवायला थेंब नाही. ती गाता गाता थांबली. "देवाला ताडी नाय, त मी तोंड उघडायची नाय." नवरा हळद लावून बसलेला. वऱ्हाड तसंच उठलं, ताडी-दारूच्या ठेकेदाराच्या गुत्त्यावर गेलं आणि गुत्ता मोडून आलं. बहीण गेलीच नाही. मांडवात सुपारी कातरत बसलेली.

तुम्ही एकदा वर्गात विचारलेलं, पेशवाई का बुडाली? मी म्हटलं, पेशवा पळाला म्हणून. तुम्ही कान पिळलात. "गाढवा, एक माणूस पळाल्यानं राज्य बुडतं? त्याआधी काय काय कुजलेलं ते सांग!" मग एक बाई गप्प बसल्यानं बंड होतं का, मास्तर? पट्टी आधीचीच होती. आगरातलं मीठ अवकाळी पावसानं नेलेलं. ठेकेदाराच्या शिव्या रोजच्या. एवढं सगळं असून लोक मुकाट होते. ती थांबली आणि उठले. हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

वकील उद्या परत येणार. बहिणीला म्हटलं, तू आत बस. तर म्हणते, "आत कला बसू? सांग ना दादा, माझ्यामुलं झाला. माझा नाव छापून येल. चार बुकं शिकलास नं भितंस काय!" नवं लुगडं काढून ठेवलंय बाईनं. तुरुंग म्हणजे काय, तिला ठाऊक नाही. मी खाडीपलीकडून त्याची भिंत रोज बघतो.

पहाटे तिला आत्याकडे कल्याणला पाठवतो, लग्न आहे सांगून. आणि वकिलाला तुमचंच उत्तर देतो. पट्टी, मीठ, ठेकेदार. ते काही खोटं नाही. हा कागद चुलीत जाईल.

मास्तर, तुम्ही कान पिळलात तेव्हा मी मान डोलावली, पण मला पटलेलं नव्हतं. पटलं असतं तर आज तिच्यासाठी इतका भ्यालो नसतो.