कोयत्याच्या अर्जातली बाई

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायची मला भीती वाटत नाही. परवा एका सभेत एक विद्वान म्हणाले, इंग्रजीत लिहिणारे आपले लेखक म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून घराची मालकी सांगणारे. सभा हसली. मी हसले नाही. हीच गोष्ट तुम्ही मला शहापूरच्या कचेरीबाहेर, चिंचेखालच्या तुमच्या टेबलापाशी, ह्याहून थोडक्यात सुनावली होती. तेव्हाही मला ती पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

तुम्ही अर्जनवीस. साहेबाकडे जायचे अर्ज तुम्ही इंग्रजीत लिहायचात आणि मॅट्रिक झाल्यावर त्यांच्या स्वच्छ प्रती मी, तुमची लेक, काढायचे. तुमचा एक नेम होता. अर्ज लिहून झाला की तो एकेक ओळ करून त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा. तो "व्हय, असाच झाला" म्हणेपर्यंत अंगठा घ्यायचा नाही. मुरबाडकडच्या एका पाड्यावरची म्हातारी मला अजून दिसते. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, म्हणजे राबाला, तिने रानातल्या डहाळ्या तोडल्या आणि रखवालदाराने तिचा कोयता काढून घेतला. ती उकिडवी बसली आहे, तुम्ही वाचता आहात, ती मान हलवते आहे. कोयता पंधरवड्यात परत मिळाला. तुमची इंग्रजी कामाची होती, हे मी कधीच नाकारलं नाही.

पण त्याच दिवसांत मामा मुंबईहून मला पुस्तकं आणून देत होता. आपल्या माणसांनी इंग्रजीत लिहिलेली. जुनी होती ती सगळी कमळांची आणि पालख्यांची, साहेबाला गोड लागतील अशी. मग काही कादंबऱ्या आल्या, त्यांत झाडूवाले होते, मजूर होते, खेड्यातल्या बाया विहिरीवर भांडत होत्या, आणि इंग्रजी आपल्या बोलण्याच्या चालीने चालत होती. त्या वाचून मी वेडी झाले. म्हटलं, ह्यात आपला तालुका का नसावा? मी त्या म्हातारीची गोष्ट इंग्रजीत लिहिली आणि तुम्हाला न विचारता मुंबईच्या एका मासिकाला धाडली. ती छापून आली. तुम्ही ती उभ्यानेच वाचलीत आणि चष्मा काढलात. इंग्रजी फिर्यादीला ठीक, गोष्टीला नाही, असं काहीसं म्हणालात. मी उलट बोलले. आपल्याकडे येणाऱ्या मराठी मासिकांत तरी ही म्हातारी कुठे आहे, त्यांतल्या बाया तर पुण्याच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत, असं विचारलं. त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "जिची गोष्ट लिवलीस, तिला वाचून दाखवलीस का गो?"

मला राग आला होता, म्हणून गेले. मामाला बरोबर घेऊन, सर्व्हिस मोटारीतून, मुरबाडच्या बाजाराला. म्हातारी करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तिच्याशेजारी बसून मी ती गोष्ट तिच्या बोलीत वाचली, तुमच्यासारखी, एकेक ओळ. रखवालदारापुढे ती रडते, पदर पसरते, तिथे तिने मला थांबवलं.

"मी नाय रडली. तुज्या बापाचा रान हाय का, असा बोलली त्याला. चार शिव्या दिल्या. रडली असा कोनी सांगला तुला?"

कोणी सांगितलं? तुम्ही, आप्पा. तिथेच माझ्या ध्यानात आलं. तुमच्या प्रत्येक अर्जात पहिल्या आणि शेवटच्या ओळीत माणूस गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून याचना करायचा. त्या ओळी तुम्ही कोणालाच वाचून दाखवत नव्हतात. मधली हकीकत तेवढी सांगायचात आणि वरखालचं रडणं मुकाट्याने साहेबाकडे जायचं. मी शेकडो प्रती काढल्या होत्या. आपली माणसं इंग्रजीत रडतातच, असं मी धरून चालले होते. तुम्ही म्हणाल, त्या रडण्यानेच कोयता सुटला. सुटला खरा. पण तिला न विचारता तुम्ही तिला साहेबाच्या पायावर घातलंत, आणि मला मात्र विचारलंत, वाचून दाखवलीस का म्हणून.

मी गोष्ट पुन्हा लिहिली, शिव्यांसकट. संपादकांनी परत पाठवली, अशी खेडवळ बाई वाचकांना पटणार नाही म्हणून. ती माझ्या पुस्तकात आली तेव्हा तुम्ही नव्हतात. आता आपल्या माणसांच्या इंग्रजी लेखनाचे इतिहास लिहितात, त्यांत मला दीड ओळ मिळते. मिळो. ती बाई इंग्रजीत ताठ उभी आहे आणि तिला तिथे मी उभं केलं आहे. ज्याला ही ओसरी दुसऱ्याची वाटते त्याने खुशाल आपल्या घरी जावं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. मुरबाडहून परतले तेव्हा तुम्ही विचारलंत, काय म्हणाली? मी म्हटलं, असाच झाला म्हणाली. तुम्ही मासिक पुन्हा हातात घेतलंत, सावकाश बसून वाचलंत, आणि म्हणालात, "बरी लिवलीस." तुमच्या तोंडून माझ्या लिहिण्याला तेवढा एकच शब्द मिळाला. तो मी खोटं बोलून मिळवला, आप्पा, आणि आजही तो परत द्यायला मी तयार नाही.