संत इसिद्रोंचं पोट का गुडगुडलं

मावसबंधू निकानोरदादास एवारिस्तोचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे सुखरूप. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझी आई, म्हणजे आमची कूका मावशी, ठणठणीत आहे (हे अगोदरच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल). आणि दादा, बाग वाचली!

तुला ठाऊकच आहे, गावाचं सांडपाणी शुद्ध होऊन माझ्या अव्होकॅडोंना मिळतं. शुद्ध कसलं, घाण जाते आणि मीठ तसंच राहतं. यंदा पानांची टोकं विस्तवावर धरल्यासारखी करपली. घरोघरची जड पाणी मऊ करणारी ती यंत्रं, पोत्यानं मीठ खाऊन गटारात ओकणारी, गावानं बंदी घालून केव्हाच बंद केलीत. मग मीठ येतं कुठून? मी भर सभेत हेंड्रिक गवळ्याच्या मीठ चाटणाऱ्या गाईंच्या नावानं शंख केला. (तो अजून माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे, फार बोलायचा.) आणखी एक उन्हाळा असा गेला असता तर बागेचं सरपण झालं असतं रे.

शेवटी हात टेकले आणि मावशीकडे गेलो. न्हाणीघराशेजारी तिनं शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोंचा देव्हारा मांडलाय. जमिनीपर्यंत लेसचं कापड, फुलं, मेणबत्त्या. मी गुडघ्यांवर बसून, रडकुंडीला येऊन प्रार्थना करतोय, तर देव्हारा गुडगुडला! मग घळाघळा पाणी वाहिल्याचा आवाज. मावशी ढिम्म. म्हणाली, "संतांचं पोट बिघडलंय, तुझं चालू दे." मी कापड उचललं. आत तेच बंदीतलं यंत्र! (मध्यंतरी वीज गेली, त्याचं घड्याळ चुकलं, म्हणून रात्रीचा मीठ ओकायचा उद्योग भरदुपारी.) मग तिच्या जपमंडळातल्या प्रत्येकीकडे असाच देव्हारा निघाला. का, तर जड पाण्यात राजमा शिजत नाही म्हणे!

सगळी यंत्रं बंद झाली, हळूहळू पाण्यातलं मीठ उतरलं आणि काल फांद्यांवर कोवळी पालवी दिसली, टोकापर्यंत हिरवी. मी मातीतच बसकण मारली आणि एकटाच वेड्यासारखा हसत सुटलो.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. मावशीनं आपलं यंत्र काही टाकलेलं नाही. राजम्यासाठी ती तुझ्याकडे राहायला येतेय, यंत्रासकट. दोन धडधाकट माणसं बोलावून ठेव.

पुन्हा ता. क. हे पत्र तिच्याच हाती देतोय, म्हणजे तू वाचशील तेव्हा ती दारात उभी असेल. तुमच्या गावीही बंदी आली असेल, तर एवढी एकच विनंती आहे दादा: मला कळवू नकोस.