चौथा रकाना

बबिता बेटा,

पुढची साथ आली तर कॉलेजची तयारी काय, असा फॉर्म विद्यापीठानं धाडला. चौथा रकाना तोच: सर्व विद्यार्थ्यांकडे मोबाईल व नेटवर्क आहे? होय की नाही. ह्या लोकायनं कधी तुमचा तांडा पाह्यला हाये काय?

करोनातही हेच इचारलं होतं. 'नाही' लिहलं की दरेक पोरामागं एक परिशिष्ट, त्यावर तीन सह्या, अन् सह्या करणारे घरी बसलेले. डोकं भनकलं माह्यं. मी सरळ 'होय' ठोकून देल्लं.

ऑनलाईन पेपराच्या दिवशी तू टेकडीवर मोबाईल धरून उभी होती, हे तुह्या बापानं मागून सांगतलं. निकालात तू गैरहजर. विद्यापीठाले शिव्या देत तू दाखला न्यायले आलती, तवा मी म्हटलं, "काय करतं बेटा, वरचे लोकंच असे हायेत." अन् दाखल्यावर कॉलेज सोडायचं कारण लिहलं: स्वेच्छेने.

आज 'नाही' लिहलं. सायेब चिडले, "देवरावबाबू, कायले परिशिष्टं वाढवता?"

पहिल्याच परिशिष्टावर हातानं तुहं नाव लिहलं. मग ते फाडावं लागलं. तू आता आपली विद्यार्थिनी कुठं हायेस?

हे पत्रही धाडत नाही.

ऑफिसात रोज हजर असलेला,
देवरावबाबू