वहीवरचं मधलं नाव

सुरत, रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

मुलीला भेटायला कोर्टाने ठरवून दिलेला महिन्याचा एक तास आज भेस्तानला, माजी सासऱ्यांच्या घरी संपला. मागच्या खेपेला ते म्हणाले होते, "शाळेत मुक्ताचं मधलं नाव बदलतोय. आईचं लावू." महिनाभर डोक्यात तेच. मुलांच्या नावात बापाला मधोमध बसवायची आपली रीत. घरातून उठलो तरी निदान तिच्या वहीवर बसून होतो.

आज मुक्ताने चाचणीची वही दाखवायला आणली. मी लेबलच वाचत राहिलो. मुक्ता माधव. अजून आहे.

"पप्पा, मार्क आत आहेत."

पान उलटलं. गणितात पंचवीसपैकी अकरा. "शोभतेस खरी माझ्यासारख्या संस्कृतवाल्याची पोर," म्हटलं. हसली. हसताना अजून तशीच मान तिरकी करते.

सासरेबुवा झोपाळ्यावरून घड्याळ बघत होते. पोचवायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आजोबांनी नवीन लेबलं लिहून ठेवलीत. मी म्हटलं, डिंक सुकलाय."

"आणि सुकलाय का?"

"बाटली माझ्या दप्तरात आहे."

अकरा मार्कांची पोर. एवढी हुशार कधी झाली? मी कुठे होतो तेव्हा?

महिनाभर लपेल का ती बाटली?