काढली म्हणजे काय

ता. ३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाच खणांची मांडणी, रंधा स्वतः मारलेली. तिला काचेची सरकती दारं. शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारं, डिस्कवरचे ओरखडे घासून काढायचं यंत्र. आणि काल कापडी पाठीचे सहा पुठ्ठ्याचे डबे. हे सगळं कुठल्याही शाळेत न शिकता याच दोन हातांनी केलंय.

डबे आपल्या भिंगरीच्या मालिकेसाठी. "कंपनीने मालिका काढली" हे तुझ्या पत्रात वाचलं आणि लगेच कात्री घेतली. हल्ली सगळं नुसतं ॲपवर येतं, डिस्कवर नवं काही निघतच नाही. माझ्या दुकानात डिस्क भाड्याने न्यायला येणारे जुनंच मागतात, तेही उधार. पण भाचीने आवाज भरलेली मालिका पहिल्या खणात लागणार. कंपनीला उशिरा का होईना, अक्कल आली.

भाऊजींना नमस्कार. लोभावर धूळ बसू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. कारखानदारास, अनेक आशीर्वाद.

डबे देखणे असतील, पण रिकामेच राहणार. अरे शहाण्या, काढली म्हणजे ॲपवरून काढून टाकली! खर्च परवडत नाही म्हणे. आता ती कुठेच दिसत नाही.

भिंगरीने वर्षभर पावलं, दारं, भांडी असे सगळे आवाज स्वतः करून त्यात भरले. येत्या पंचवीसला नव्या स्टुडिओत मुलाखत आहे, आणि ते म्हणतात, केलेलं काम दाखवा. काय दाखवणार? पोरगी जेवताना गप्प असते. आमच्या घरात कुणी गप्प बसलं तर डॉक्टरला बोलावतात, तुला माहीत आहे.

तपासणीसाठी स्टुडिओने केलेली एकुलती एक डिस्क तिच्याकडे होती. कपाखाली ठेवायची चकती समजून यांनी ती चार महिने चहाच्या कपाखाली वापरली. आता लागत नाही. सोबत पाठवते. यांच्यावर मागाहून रागाव, आधी दुरुस्त कर.

मायेत काटकसर नको.

तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लिहिलंस मोघम, आणि शहाणा मी. असो.

भाऊजींचं नशीब थोर. डिस्क टेबलावर घासली गेली ती खालून. वरचा थर सोलला असता तर ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. तीनदा घासली, तेव्हा लागली. सगळे भाग पाहिले. जिन्यावरची चप्पल भाऊजींची, ओळखली. तिसऱ्या भागात दार करकरतं, ते मात्र माझ्या दुकानाचं! मागे भिंगरी बाईसाहेब माईक घेऊन उंबऱ्यात का बसल्या होत्या, ते आता कळलं. मी बसवलेलं दार करकरतं, हे मला आजवर कुणी बोललं नव्हतं. आता तेल घालणार नाही.

डिस्क पाठवतोय. मुलाखतीत भिंगरीने तिसरा भागच लावावा, आणि भाऊजींनी कप हातातच धरावा. तुमच्या लोभाला ओरखडा न येवो.

तुझा धाकटा

ता. क. डिस्क लावून बघत होतो तेव्हा जुन्या डिस्क जमवणारे एक गृहस्थ दुकानात होते. ही मालिका आता कुठे मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. विकत मागू लागले. आमच्या पोरीची वर्षभराची मेहनत आहे, विकायची नाही, असं सांगितलं. ते आकडा चढवत राहिले, मी मान हलवत राहिलो. डिस्क पाकिटात घातलीच, पण ते शेवटी चाळीस हजारांवर थांबले, ताई. रोख.