फिल्ममधला कोट

प्रिय उस्तिन्या,

पीठ संपलं, पीठ संपलं! दर पत्रात तेच, आणि मी विचारलेल्या कोटाबद्दल एक अक्षर नाही. कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर असलेला कोट मी तरी तुला घेतला नव्हता.

म्हणशील, इतक्या लांबून याला कोट कुठला दिसला? घसरगाडीवर यंत्र लादून लाकूडतोड्यांच्या तळांवर मूकपट दाखवत मी फिरतो, हे तुला ठाऊकच आहे. जानेवारीत बातम्यांची नवी फिल्म आली. पडद्यावरची पाटी मी अडखळत वाचली, तर आपल्याच गावाचं नाव! आणि मग तू. अंगात तो कोट, पुढ्यात पांढरा पाव, सफरचंदं, आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून हसणारा एक मिशाळ गडी. मांडीवरचा आपला ग्रीश्का पावाकडे हात नेतोय आणि तू त्याचं मनगट धरलंयस. मी म्हटलं, पोट तुडुंब असेल, म्हणून आवरतेय. हँडलवर माझा हात थबकला तसे सगळे ओरडले, "येफिम्या, फिरव की! थांबली तर दिव्यानं फिल्म पेटेल! बायको काय पळून चाललीय?" मला वाटलं, गेलीच आहे.

वरचं लिहून आठवडा झाला. खोडत नाही. कळू दे तुला, मी काय माणूस आहे ते. पगार अडकलाय म्हणून कळवलं होतं, तेही खोटंच. पैसे मी मुद्दाम अडवले.

काल दुसरी फिल्म आली. गाव भलतंच, व्होल्गाकाठचं. बाईही भलतीच. पण अंगात तोच कोट, दुसरं बटण तसंच लोंबणारं, आणि शेजारी तोच मिशाळ्या, तसाच हसणारा. म्हणजे कोट फिल्मवाल्यांचा आणि गडीही त्यांचाच. मग एकट्यानं तुझी फिल्म पुन्हा लावली, पेटू न देता जमेल तितकी सावकाश. तीन महिने मी फक्त त्याचा हात बघत होतो. टेबलाभोवती अकरा माणसं आहेत, उस्तिन्या, आणि एकाचाही जबडा हलत नाही. बाहीतून दिसणारं तुझं मनगट ग्रीश्काच्या मनगटाएवढंच आहे.

कोटाबद्दल तू का लिहिलं नाहीस, तेही आता कळलं. सरकारी माणसं टपाल उघडून वाचतात. म्हणून हे पत्र गाडीवान अंतीपच्या हाती देतोय. त्याच्यावरही माझा फार भरवसा नाही, तेव्हा पैसे त्याच्यासमोरच मोजून घे. पाव आण, आणि या वेळी ग्रीश्काचा हात धरू नकोस. तीन महिन्यांचे अडवलेले, शिवाय माझे फेल्टचे बूट विकून आलेले, मिळून एकशे साठ रूबल.

तुझाच,
येफिम