फोनचा सीन

शनिवार, ११ जानेवारी १९८६
आजपासून न्यूयॉर्कला अ‍ॅक्टिंगचा क्लास. घरून, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून ट्रेनने जाऊन येण्यात दिवस गेला. लॅबमधली नोकरी दोन वर्षांत सोडायची, हे ट्रेनमध्येच नक्की केलं. विनीताला इतक्यात सांगायचं नाही. बायको आहे, घाबरेल. शिकवणाऱ्या मिस हार्पर माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. बाईंना टॅलेंट कळतं.

रविवार, २६ जानेवारी
कराडहून आईची कॅसेट आली. सुरुवात नेहमीचीच, जेवलास का रे? कॅसेट यायला तीन आठवडे लागतात, कुठल्या जेवणाचं सांगायचं? मध्ये मध्ये खोकते आहे. खोकला मात्र फार नॅचरल. रिवाइंड करकरून ऐकला, म्हाताऱ्याच्या रोलला उपयोगी पडेल. विनीता म्हणाली, अभ्यास कसला करतोस, आईंना बरं नाहीये, फोन लाव. लावला. लाइन मिळाली नाही. फार ट्राय केलं नाही, हेही खरं.

शनिवार, १५ फेब्रुवारी
नवा एक्सरसाइज. फोन वाजतो, वाईट बातमी कळते. बातमी आपापल्या आयुष्यातली निवडायची. मी आई गेल्याची निवडली. सगळ्यात पॉवरफुल तीच. पहिल्याच वाक्याला गुडघ्यांवर कोसळलो. मिस हार्पर म्हणाल्या, तू दाखवतोयस, ऐकत नाहीयेस. पलीकडे कोणी नसतंच, ऐकू काय?

रविवार, १६ फेब्रुवारी
घरी प्रॅक्टिस. विनीता भडकली, असलं अभद्र घरात बोलू नकोस म्हणाली. तिला टेक्निक समजावून सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
ऑडिशन. डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात, डॉक्टरचा रोल, एकच वाक्य. महिनाभर घासलेल्या इंग्लिश साहेबाच्या उच्चारात म्हटलं. त्यांना इंडियन डॉक्टर हवा होता. मी पुरेसा इंडियन वाटलो नाही म्हणे. नुकसान त्यांचं.

शनिवार, ८ मार्च
दादाचा ट्रंक कॉल. आई अंथरुणाला खिळली आहे. सारखी आठवण काढते, येऊन जा म्हणाला. लगेच तिकीट बुक केलं, पंचवीस तारखेचं. मुलगा म्हणून कर्तव्य आहेच.

बुधवार, १२ मार्च
एकोणीस एप्रिलला क्लासचा शोकेस, म्हणजे सगळ्यांचे सीन प्रेक्षकांसमोर. एजंट लोक येणार. माझा फोनचाच सीन! रिहर्सल चुकवली तर सीन दुसऱ्याला जाईल. तिकीट कॅन्सल केलं. एप्रिल संपताना जाईन, तेही एजंट मिळवून. आईला केवढा आनंद होईल. विनीता लवकर जेवून झोपली. जेवायला एकटाच बसलो.

रविवार, २३ मार्च
आईला कॅसेट भरून पाठवली. आवाज आनंदी ठेवला. ऐकून बघितली, थोडा खोटा वाटला. टेपरेकॉर्डरचं हेड खराब असणार.

रविवार, ६ एप्रिल
सकाळी हॉलमधल्या फोनवर प्रॅक्टिस. आज कोसळल्यावर टाहो फोडला. विनीता व्हॅक्यूम चालू ठेवून बघत होती. खालच्या कांचनताईंनी येऊन विचारलं, सगळं ठीक ना?

रविवार, १३ एप्रिल, सकाळ
विनीता आतल्या खोलीत व्हॅक्यूम करत होती, तिला रिंग ऐकू गेली नाही. दादा होता, कराडला तेव्हा रात्र. आई दुपारी गेली. सगळं संध्याकाळीच उरकलं. तू इतक्या लांबून पोचणार नव्हतासच, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाला. मी फक्त हो, बरं, हो म्हणत राहिलो. कोसळलो नाही. पाण्याचा थेंब नाही डोळ्यात. मग विचारलं, दादा, तू जेवलास का? तो रडायला लागला आणि लाइन कट झाली.

रिसीव्हर ठेवला. विनीता केव्हाची व्हॅक्यूम बंद करून दारात उभी होती. म्हणाली, आज पहिल्यांदाच खरं वाटलं. ते जेवलास का तर अगदी खरं. शोकेसला असंच कर. मी थँक यू म्हणालो.

आता ती जिन्यात उभी राहून कांचनताईंना सांगते आहे, शनिवारी नक्की या, याला जमायला लागलंय. उठून तिला सांगायला हवं, आई गेली म्हणून. पण हेच वाक्य ती दोन महिने माझ्या तोंडून ऐकते आहे. तिला खरं वाटेल असं ते कसं म्हणायचं, मला येत नाही.